कोवळं ऊन

गॅलरीची काळी काच सरकवलेली दिसली आणि ऋजुता धावली. ओझोनचा थर विरल्यापासून दिवसा ती काच कुणीच उघडत नसे. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या द्रुपदामावशी तिच्या महिन्याच्या लेकीला मांडीवर घेऊन उन्हात बसल्या होत्या.

"मावशी, अहो काय केलंत हे!"

मावशी भानावर आल्या. "अगं बाई! चाळीस वर्षांची सवय. न्हाणं झालं की कोवळं ऊन दाखवायचं. पाचच मिनिटं झाली गं."

तासाभरात लेकीचं अंग लालबुंद झालं. डोळ्यांवर मात्र चार बोटांएवढा फिका पट्टा राहिला होता. तिथे मावशींनी हाताची सावली धरली होती.

त्या हातावर आता फोड टरारले होते. मावशींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"कोवळंच होतं गं," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.