मोजणीबाहेरचा बोकड

मेंढरं बेचाळीस, कोकरं अकरा, शेळ्या-बोकड आठ, करडं चार. एकूण पासष्ट. उद्धवने दुसऱ्यांदा मोजलं. पुन्हा पासष्टच.

"चौसष्ट," छबूबाई म्हणाली. "जन्म गेला माझा ह्यांच्यात."

"डाक्तर, चष्मा पुसा!" मारुतराव हसले. छबूबाईचा कळप न्यायला ते मोशीहून बैलगाडी घेऊन निघोज्याला आले होते. मेंढरं त्यांच्या वावरात बसायची, वावराला खत मिळायचं आणि छबूबाईला ज्वारी. पावसाळ्यात तिच्या घरच्यांनी खायची ती हीच ज्वारी.

उद्धवजवळ रंगाचे दोन डबे होते, एक निळा, एक लाल. जनावरांचा डॉक्टर होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. नदीपलीकडे तळवड्याला ज्योतीराम धनगराच्या कळपात गुरामेंढरांत झपाट्याने पसरणारी बुळकांडी शिरली होती, नऊ जनावरं गेली होती. आसपासच्या प्रत्येक कळपाला किती धोका आहे हे ठरवायचं, हे उद्धवचं काम. म्होरक्या एडक्याच्या शिंगाला निळा रंग लागला की कळप हलायला मोकळा. लाल लागला की पुढचे तीन आठवडे जागच्या जागी.

त्याने ठरलेले प्रश्न विचारले होते. नवं जनावर आणलं? न्हाई. चाकणच्या बाजारात नेलं? न्हाई. दुसऱ्या कळपाबरोबर चारलं, पाजलं? न्हाई. सगळी उत्तरं निळ्या रंगाची होती. फक्त एक जनावर जास्त होतं. बाईने कुठून तरी विकत घेतलंय आणि लपवतेय, असं त्याला वाटलं.

"तुमच्या शेळ्या दाखवा. एकेक."

तिने बोटाने सात दाखवल्या. आठवा बोकड बाभळीखाली शेंगा खात होता. कपाळावर भंडारा, गळ्यात पितळी घंटा, डावा कान चिरलेला.

उद्धव थबकला. हा कान त्याने काल पाहिला होता. तळवड्याला. तिथेही त्याच्या मोजणीत एक जास्त आलं होतं. "मोजणी कच्ची हाय तुमची, सायेब," असं ज्योतीराम म्हणाला होता, आणि आपलीच चूक समजून उद्धवने एक आकडा कमी केला होता.

"हा कुणाचा?"

"कुणाचाच न्हाई. बिरोबाला सोडलाय. देवाला कोण आपल्यात मोजतं व्हय?"

"तळवड्याला जातो?"

"मनाला यील तिकडं जातो. दोन दिस हितं, चार दिस तिकडं. आज सकाळीच आला न्हवं का."

"हाकला त्याला अन् चला," मारुतराव म्हणाले. "ऊन व्हायला लागलं."

"मारुतराव, तुमच्या दावणीला बैल किती?"

"सहा. का?"

"बुळकांडीची लस टोचलीय?"

मारुतरावांचं हसू गेलं. "न्हाई अजून. पर बोकड तर चांगला खातोय की! अन् पिंपरीला औषधाचा कारखाना निघालाय म्हणत्यात. तिथली एक सुई मारा."

"त्या औषधाला हा रोग जुमानत नाही. आणि तोंडात फोड यायच्या आधी नुसता ताप असतो. जनावर खातं, पितं, हिंडतं. शेळीचा ताप एकशे दोन-तीनपर्यंत ठीक. त्याच्या वर गेला तर..." तो छबूबाईकडे वळला. "कुणीतरी धरायला हवं त्याला."

तिचे दोन्ही मुलगे मागे सरले. देवाच्या बोकडाला आजवर कुणी दावं लावलं नव्हतं, हात लावून अडवलं नव्हतं.

"ताप निघाला तर लाल?" छबूबाईने विचारलं.

"लाल."

"मंजी मोशी न्हाई."

"नाही."

तिने नाही म्हटलं असतं तर तिला कुणी बोल लावला नसता. बोकड तासाभरात कुठेही निघून गेला असता. ती मारुतरावांच्या गाडीकडे बघत राहिली. जुवाखाली एक बैल दुसऱ्याची मान चाटत होता.

तिने वहाणा काढल्या. बाभळीखाली गेली, खाली बसली आणि बोकडाची शिंगं धरून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो धडपडला नाही.

"ह्याला बी आमच्यात धरा, डाक्तर," ती म्हणाली. "बघा ताप."

उद्धवने पारा झटकून खाली आणला. थर्मामीटर लावला. घंटा एकदा वाजली. मग त्याने काच पुसून उजेडाकडे धरली.

एकूण जनावरं पासष्ट. एकाचा ताप एकशे सहा.