खात्री असेल तरच

“ही एक ओळ काढा, सर. बाकी पेपरला मी हातसुद्धा लावत नाही.”

गेल्या दोन वर्षांत ताईंनी हे इतक्या वेळा म्हटलं होतं की, मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तयार करणाऱ्या त्या ऑफिसात शिपायालाही ते पाठ झालं होतं. पण आज टेबलावर शेवटचं प्रूफ पडलं होतं आणि छापखान्याचा माणूस स्टुलावर बसून सरांच्या सहीची वाट बघत होता. सही झाली की पुढची दहा वर्षं हाच पेपर. त्याच्या गुणांवरून अकरा वर्षांची मुलं पुढच्या तुकडीत जायची, नाहीतर मागच्या.

ओळ पहिल्याच पानावर होती, ठळक अक्षरांत. ‘खात्री असेल तरच उत्तर लिहा.’ वीस वर्षांपूर्वी सरांनी स्वतः घातलेली. तुक्के मारणाऱ्या पोरांचा त्यांना मनस्वी राग.

“काढली तर सगळा अंदाजपंचे कारभार होईल,” सर म्हणाले.

“मग हिला एक प्रश्न विचारा.”

कोपऱ्यात एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. ताई तिला शाळेतून मुद्दाम घेऊन आल्या होत्या. वर्गात तिचं नाव ‘कोरी’ पडलं होतं, कारण तिचा पेपर अर्धाअधिक कोराच असायचा. चाळीसपैकी बावीस प्रश्न तिने सोडले होते, आणि मागच्या तुकडीच्या यादीत तिचं नाव गेलं होतं. लिहिलेली अठराच्या अठरा उत्तरं बरोबर होती, तिकडे ताईंखेरीज कुणी पाहिलंच नव्हतं.

सरांनी आपला लाडका प्रश्न काढला. “तीन बंद डबे. एकात पेन्सिली, एकात खडू, एकात दोन्ही. तिन्हींवरच्या चिठ्ठ्या चुकीच्या लागल्यात. एकाच डब्यातून, न बघता, एकच वस्तू काढायची आणि तिन्ही डबे ओळखायचे. कुठल्या डब्यात हात घालशील?”

मुलगी छताकडे बघत राहिली. ओठ हलले. मग एकदम तिचा चेहरा उजळला आणि तिने तोंड उघडलं.

“खात्री असेल तरच सांग हं, बाळ,” सर सवयीने म्हणाले.

तोंड मिटलं. मुलगी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करू लागली.

“अहो सर,” छापखान्याचा माणूस न राहवून म्हणाला, “सांगत होती की पोरगी.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता.

“खात्री राहू दे,” ते म्हणाले. “तुला काय वाटतं ते सांग.”

“खात्री नाही, पण... ज्याच्यावर ‘दोन्ही’ लिहिलंय ना, त्यात. चिठ्ठी चुकीची आहे, म्हणजे त्यात एकच काहीतरी असणार. ते हातात आलं की कळलं. मग उरलेले दोन आपोआप कळतात.”

शंभरातली जेमतेम नऊ मुलं इथवर पोचायची. सरांना झालेला आनंद लपेना, पण ते जागचे हलले नाहीत.

“पोरगी हुशार आहे. पण बाई, शितावरून भाताची परीक्षा आपल्या धंद्यात चालत नाही.”

“भातही आणलाय,” ताई म्हणाल्या आणि पिशवीतून दोन जाडजूड गठ्ठे काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

सहाशे मुलं. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना ओळ असलेला पेपर दिला, निम्म्यांना ओळ नसलेला. प्रश्न तेच, वेळ तेवढाच. ओळवाल्यांनी सरासरी अकरा प्रश्न सोडले होते, बिनओळीच्यांनी दोन.

“म्हणजे नऊ तुक्के वाढले,” सर म्हणाले.

“चार पर्यायांत नऊ तुक्के मारले तर दोन लागतात, सर. फार तर तीन. यांची सहा उत्तरं जास्त बरोबर आलीत.”

सर दुसऱ्याच्या बेरजेवर कधीच विसंबत नसत. त्यांनी दोन्ही गठ्ठ्यांतून मधलेच पेपर ओढले आणि पेन्सिल घेऊन स्वतः मोजायला बसले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. छापखान्याच्या माणसाला डुलकी लागली. मुलगी मात्र सरांच्या पेन्सिलीबरोबर स्वतःही मनात मोजत होती.

“वीस वर्षं,” सर मान वर न करता म्हणाले, “वीस वर्षं मी मुलांचा धीटपणाच मोजत होतो की काय?”

त्यांनी लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानावरच्या त्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. एकदाचं घोडं गंगेत न्हालं. ताईंना मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण त्या नुसत्याच टेबलाची कड धरून हसत राहिल्या.

“आणि ती यादी थांबवा,” सर म्हणाले. “ज्यांनी ज्यांनी पेपर कोरे सोडलेत, त्या सगळ्यांना उद्या पुन्हा बसवा.”

छापखान्याचा माणूस डोळे चोळत उठला. खोडलेल्या ओळीकडे त्याने संशयाने पाहिलं.

“साठ हजार प्रती आहेत, सर. मशीन सुरू झालं की मग बदल नाही. खात्री आहे ना?”

सरांनी कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले, आणि सही केली.