मागून उघडणारी गाडी

“गाडीत संडास नको,” दर्शना म्हणाली आणि स्वरूपचं पेन तिथल्या तिथे थांबलं.

परळच्या एका जुन्या गॅरेजात स्वरूप मोठ्या व्हॅन घ्यायचा, आत झोपायची-रांधायची सोय करायचा आणि कॅम्पिंगवाल्यांना विकायचा. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी संडासाचंच विचारायचं. ही बाई नेमकी त्याच्यावरच फुली मारत होती.

“ताई, फॅमिली आहे तुमची. लागतो तो.”

“बारा वर्षं तंबूत झोपतोय आम्ही. आमचं काही अडलं नाही.”

ते खरंच होतं. चिंचपोकळीच्या चाळीत यांच्या दाराशी चपलांपेक्षा ट्रेकचे बूटच जास्त. सुट्टी लागली की रघुवीर, दर्शना आणि त्यांची लेक नूपुर पाठीवर तंबू घेऊन निघालीच म्हणून समजा. आता रघुवीरचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा दर्शनानेच गाडीचा विषय काढला. चाळीने हसून घेतलं. खोली दहा बाय बाराची आणि म्हणे झोपायची गाडी घेतायत! दर्शनाने कुणाला भीक घातली नाही.

रघुवीरचं मात्र गाडीत चित्तच नव्हतं. त्याच्या शर्टाच्या खिशात एक कागद होता. थोरल्या भावाने, हरेश्वरने, गावाहून पाठवलेला. गावच्या घरातला आपला वाटा मी सोडतो, असं त्यावर टाईप केलेलं, खाली सहीपुरती जागा. रघुवीरने सही केली नाही, म्हणून गेल्या वर्षी हरेश्वरने त्याच्या वाट्याच्या दोन्ही खोल्यांना कुलूप ठोकलं आणि गणपतीला आलेल्या या तिघांना बॅगांसकट उंबऱ्यावरून परत पाठवलं. सख्ख्या भावाला, ऐन सणाला! यंदाही फोनवर तीच टकळी: “आधी कागद धाड, मगे गणपतीक ये.”

रघुवीर जन्मापासून त्या घरच्या गणपतीसमोर बसलेला माणूस. गेल्या चतुर्थीला चाळीत बसून होता, मोदक समोर आला तो त्याने नूपुरच्या ताटात टाकला. यंदा सही करून टाकायची, जाऊ दे तो वाटा, असं त्याने मनोमन ठरवलं होतं. पण हे दर्शनाला सांगायची छाती होत नव्हती. गेल्या वर्षी परतीच्या एसटीतच तिने बजावलं होतं, त्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही, तुम्हीही ठेवायचा नाही, आणि सही तर नाहीच नाही. एकदा नाही म्हटलं की ती ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकणारी नव्हे.

म्हणून तर ही गाडी, असं रघुवीर धरून चालला होता. ते घर गेलं चुलीत, आपण आपलं घर चाकांवर करू. नूपुरने तर लडाखचा नकाशासुद्धा भिंतीला चिकटवला होता. गाडी ठरली की गाव सुटलं, हे त्याला दिसत होतं.

स्वरूपने पुढची गाडी दाखवली. चामड्याच्या सीटा, सगळं साहेबी काम. दर्शनाने हातसुद्धा लावला नाही. मुंबईच्या घामात चामडं टिकत नाही, म्हणाली. त्याच्या पुढची जरा पसंत पडली, पण तिच्यातही खोड्या निघाल्याच. मागच्या दाराशी बसवलेल्या लाकडी ओट्यावर झोपायची फळी होती, ती काढून टाका, नूपुर झोपेत लोळते. शेगडी ओट्याला लागून नको, पुढे सरकवा. मागचं दार मात्र दोन्ही बाजूंना सताड उघडलं पाहिजे. पर्समधून टेप काढून तिने ओटा मोजला, दार मोजलं आणि पुन्हा एकदा ओटा मोजला. रघुवीरने विचारलं, अगं, तंबू घेताना कधी टेप लावलीस का? ती नुसती हसली.

“आणि गाडी श्रावण संपायच्या आत हातात हवी,” तिने स्वरूपला सांगितलं.

“पावसात कॅम्पिंग करणार, ताई?”

“आम्हाला सगळे दिवस सारखेच.”

स्वरूपने हात टेकले आणि बुकिंगचा फॉर्म भरायला घेतला. आता मात्र रघुवीरला राहवेना. त्याने खिशातला कागद काढून टेबलावर उलगडला.

“दर्शना, गाडी राहू दे. मी सही करतो.” त्याचा आवाज चिरकला. “मला यंदा गणपतीसमोर बसायचंय गं.”

नूपुर बापाकडे बघतच राहिली. एवढा दणकट माणूस, पण डोळे भरून आले होते.

दर्शनाने कागद उचलला, त्याच्या चार घड्या केल्या आणि पर्समध्ये टाकला.

“सही करायची नाही,” ती एवढंच म्हणाली.

रघुवीर खाली मान घालून बसला. या बाईपुढे डोकं आपटून उपयोग नाही आणि भावापुढेही नाही. आपल्या नशिबातच तो गणपती उरला नाही, असं त्याला वाटलं.

स्वरूप बिचारा अवघडला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, पहिली ट्रिप कुठे काढताय? रस्ता कसा आहे ते कळलं तर तसे टायर बसवून देतो.

“लडाख,” नूपुर म्हणाली.

“लडाख नंतर.” दर्शना बोलत होती स्वरूपशी, बघत होती नवऱ्याकडे. “आधी आमच्या गावी. मोठ्या दिरांच्या दारासमोर, अंगणात. ते अंगण दोघा भावांचं आहे आणि अंगणाला कुलूप घालता येत नाही. या ओट्यावर बसणाऱ्या आमच्या गणपतीसाठी पाट मी सोमवारीच लालबागच्या मूर्तिकाराकडे देऊन आलेय.”