सटीची कोयती

आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सहा सुइणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आपल्या नातीच्या वयाची नर्स आपल्याला बाळंतपण शिकवणार, याचं आनंदीबाईला हसू येत होतं. शेजारच्या काशीबाईला कोपराने ढोसत ती मघापासून हसतच होती. चाळीस वर्षांत तिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नव्हती. तिच्या हातगुणाचं नाव तळेऱ्यापर्यंत होतं.

नीरजा सिस्टरने ग्रामपंचायतीचं मृत्यूचं रजिस्टर उघडलं. "मरणाचं कारण काय लिहिलंय ऐका. सटवी. सटवी. ताठून गेलं. परत सटवी. दोन वर्षांत अकरा मुलं, सगळी बारा दिवसांच्या आतली."

"सटी नीट पूजूक नाय, तर सटवी न्हेताच गो बाय," आनंदीबाई म्हणाली. "आमच्या हातात काय आसा?"

"नाळ कशाने कापता तुम्ही?"

आनंदीबाईने मांडीवरचं फडकं ऐटीत सोडलं. आत कोयती होती, घासून लख्ख केलेली. उद्या नातवाची, लेक मथुरेच्या मुलाची सटी, म्हणजे सहाव्या दिवसाची पूजा. कोयती बाळाच्या उशाशी ठेवायची म्हणून सकाळीच तिला हळदकुंकू लावलं होतं.

"ही बघ. आणि वर शेणीची राख. रगात लगेच थांबता."

सिस्टरने कोयतीला हात लावला नाही. "धनुर्वात यातूनच होतो, आनंदीबाई. कोयतीतून आणि त्या राखेतून. सटवी कोणाला नेत नाही."

"खोटा!" आनंदीबाई उसळली. "चाळीस वर्सां मी..."

सिस्टरने घरांची नावं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला काशीबाईने मान खाली घातली. अकरापैकी नऊ बाळंतपणं आनंदीबाईच्या हातची होती. ती एकेक नाव ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. ह्या नऊही घरांत तिने आयांना उराशी धरून समजावलं होतं, देवीची मर्जी म्हणून.

"आता खूण लक्षात ठेवा," सिस्टर सांगू लागली. "पाचव्या-सहाव्या दिवशी मूल दूध ओढायचं सोडतं. भुकेने कळवळतं, पण तोंड उघडत नाही."

आनंदीबाई उभी राहिली. तिच्या मांडीवरची कोयती खाली पडली.

"माझ्या मथुरेचो झील," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "सकाळपासना दूध पिणा नाय. मी म्हटलंय, निजाळू आसा."

"नाळ कोणी कापली?" सिस्टरने विचारलं, आणि विचारल्याचं तिलाच वाईट वाटलं.

आनंदीबाई अनवाणीच धावत सुटली होती. सिस्टर जीपच्या ड्रायव्हरला हाका मारत तिच्या मागे पळाली.

कोयती तिथेच जमिनीवर पडली होती. काशीबाईने सवयीने ती उचलायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेऊन पदराला पुसला.