नमुना मिळेपर्यंत

"अजून थोडं पाणी पी," बाई म्हणाल्या.

पोरीने तिसरी बाटली तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि बाटली पुन्हा खाली ठेवली.

महिला फुटबॉलच्या खंडीय स्पर्धेचा उपांत्य सामना संपून दोन तास झाले होते. शेवटची पेनल्टी हिनेच मारली होती आणि चेंडू खांबाला आपटून बाहेर गेला होता. तेवढ्याने भागलं नाही म्हणून की काय, उत्तेजक चाचणीच्या चिठ्ठीतही नेमका हिचाच नंबर निघाला. नशीब एकेकाचं!

बाईंचं काम सोपं होतं. चिठ्ठीत नंबर आलेली खेळाडू लघवीचा नमुना देईपर्यंत तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. ऑफिसात त्यांच्या पाठीमागे त्यांना 'बाटलीवाली' म्हणत. बाईंना ते माहीत होतं. म्हणेनात का!

पोर सतरा वर्षांची होती. अठराच्या आतली असली की संघातलं कुणीतरी सोबत लागतं, अगदी संडासाच्या दारापर्यंत. हिच्यासोबत संघाच्या व्यवस्थापकच आल्या होत्या. "सगळ्या पोरी मला मावशीच म्हणतात हो," त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. आता त्या संत्रं सोलून, एकेका फोडीच्या शिरा काढून पोरीच्या हातात देत होत्या. बाईंना बघून बरं वाटलं. एरवी संघाची माणसं इथे मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात.

"नको मला, मावशी."

"खा गं, तेवढंच पाणी जाईल पोटात. विमान साडेसातचं आहे, राणी. तू इथेच ठाण मांडलंस तर आम्ही काय करायचं?"

दोनदा आत जाऊन झालं होतं. दोन्ही वेळा भांडं कोरडं.

"किती वेळ लागला तर चालतो?" पोरीने बाईंना विचारलं.

"कितीही लागू दे. नमुना मिळेपर्यंत तुला इथून कुणी हलवू शकत नाही. नियमच आहे तसा."

"रात्रभर?"

"रात्रभर."

"आणि उद्या?"

"अगं, इतका वेळ धरून कोण ठेवतं!" मावशींना हसू आवरेना. पोरही हसल्यासारखी झाली.

बाई हसल्या नाहीत. काही घेतलेल्या पोरीच असं विचारतात. वेळ काढला की अंगातलं उतरेल, अशी भाबडी आशा असते त्यांना. तीन वर्षांपूर्वी एक धावपटू अशीच टाळाटाळ करत राहिली आणि शेवटी रागाने उठून निघून गेली. नमुना न देणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच. चार वर्षांची बंदी बसली. तिचं पुढे काय झालं, ते विचारायची बाईंना कधी हिंमत झाली नाही. आपण तिला जरा चुचकारून बसवायला हवं होतं, हे मात्र त्यांना अजून रोज वाटायचं.

त्यांनी पोरीकडे नीट पाहिलं. ती पाणी गिळत नव्हती. तोंड पुसायच्या निमित्ताने हळूच टॉवेलमध्ये सोडत होती.

"औषधबिषध काही घेतलंस का, बाळ?"

"छे हो!" उत्तर मावशींनीच दिलं. "चोवीस तास माझ्या डोळ्यांसमोर असते. मला विचारल्याशिवाय घराकडे फोनसुद्धा करत नाही, इतकी गुणी."

पोर खाली बघत राहिली. हिचं वाटोळं होऊ द्यायचं नाही, असं बाईंनी ठरवलं. काही घेतलेलं निघालं तर निदान बाजू मांडता येते. पळून गेली तर सगळंच संपतं.

"चल," त्या उठल्या. आत नेऊन त्यांनी बेसिनमध्ये कोमट पाणी भरलं, नळाची बारीक धार चालू ठेवली आणि पोरीचे हात पाण्यात बुडवले. मावशी दारातच उभ्या होत्या.

"नको ना," पोर पुटपुटली. "बसू द्या मला थोडं."

"घाबरू नकोस. काय असेल ते असेल, निस्तरता येतं. पण दिल्याशिवाय सुटका नाही गं."

शेवटी अंगच ते, किती दम धरणार? भांडं भरलं आणि पोर हमसून हमसून रडायला लागली. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "झालं. सुटलीस."

बाहेर येऊन पोरीने नमुन्याच्या बाटल्या स्वतःच्या हाताने सीलबंद केल्या. मग अर्ज. 'खेळाडूचे म्हणणे' या रकान्यात सगळ्या जणी 'काही नाही' लिहून मोकळ्या होतात. ही मात्र कोपर आडवं घालून लिहीतच राहिली. मावशी फोनवर बसच्या ड्रायव्हरला थोपवत होत्या. "आलो, आलो, झालं एकदाचं," म्हणत त्यांनी न बघताच सही ठोकली.

पोरीने कागद बाईंपुढे सरकवला. "वाचा ना एकदा."

कबुली दिली वाटतं कार्टीने! मावशींसमोर तिची शोभा नको, म्हणून बाईंनी कागद पालथा घातला. "नंतर वाचते. तू जा आता, बस खोळंबलीय."

पोर हलली नाही. मावशींनी दंडाला धरलं, तेव्हा उठली.

"तुमच्यामुळे वेळेत निघतोय, ताई," मावशी जाताना म्हणाल्या. "उपकार झाले तुमचे."

बाटल्या प्रयोगशाळेकडे रवाना करून बाई टेबलाशी बसल्या, तेव्हा पावणेआठ झाले होते. विमान सुटलं असेल. रडून रडून दमलेली पोर खिडकीला डोकं टेकून झोपली असेल. खोकल्याचं औषधबिषध असलं, तर आपणही तिच्या बाजूने चार शब्द लिहू, असं ठरवून बाईंनी चष्मा लावला आणि कागद उलटला.

'मी काहीही घेतलेलं नाही. मागच्या स्पर्धेत जिची पेनल्टी हुकली, तिलाही मावशीच घरी घेऊन गेल्या होत्या. तिची आई तिला अजून शोधते आहे. बाई, मला इथेच ठेवून घ्या.'