नदीची पाठवणी

"सगळं प्यालात?" फोंडाघाटाच्या माथ्यावर सायकल थांबवून शालननं बाटली उलटी धरली. थेंबही पडला नाही.

नवरा ओशाळला. "अगं, चढाला घसा पार कोरडा पडला. हाताला लागली ती बाटली तोंडाला लावली."

शालनच्या माहेराहून समुद्र सायकलवर एका दिवसाच्या अंतरावर. पण गावची भोगावती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, ती थेट परमुलखात. लहानपणापासून तिला याची हळहळ वाटायची. म्हणून आज पहाटे तिनं बाटलीत नदीचं पाणी भरलं, बाटलीच्या गळ्यात नवरीची हिरवी बांगडी घातली, झाकणाला हळदकुंकू लावलं. नदीला ती या जवळच्या सासरी पोचवणार होती.

घाट उतरला. ऊस मागे राहिला, काजूच्या बागा आल्या, वारा खारट झाला, तरी तिचे गाल फुगलेलेच. मग देवगडच्या अलीकडे एका वळणावर अख्खा समुद्र समोर आला. नवऱ्यानं हेल्मेट काढून त्याला गुन्हेगारासारखे हात जोडले. ते बघून शालनला खुदकन हसू आलं.

वाळूत सायकली आडव्या टाकून तिनं नवऱ्याला लाटांपर्यंत ओढत नेलं. हिरवी बांगडी त्याच्या मनगटात जाईना, म्हणून करंगळीत अडकवली.

"हे काय गं?"

"नदी तुमच्या पोटात आहे ना?" असं म्हणत तिनं मागून असा धक्का दिला, की तो कपड्यांसकट लाटेत बसला. काठावर शालन हसता हसता डोळे पुसत ओरडली, "जा पोरी, सुखानं नांद!"