पाचवी दीर्घिका

अरुस्याकबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण वेधशाळेच्या आवारात जर्दाळूच्या झाडाखाली मांडलं होतं, आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी नाझेली ताटातलं नुसतं चिवडत होती.

तिने या आठवड्यात बाईंचा तो प्रसिद्ध समूह पुन्हा तपासला होता. पाच दीर्घिका, अगदी दाटीवाटीने. चौघी एकमेकींच्या ओढाताणीत पार विस्कटलेल्या आणि पाचवी, सर्पिल, आपले हात नीट सावरून बसलेली. एवढ्या गर्दीत सर्पिल दीर्घिका टिकूच शकत नाही, असं मोठमोठे शास्त्रज्ञ सांगत. टिकते, हे बाईंनी दाखवलं होतं.

पण त्या काळी फोटोच्या काचा जपून वापराव्या लागत. बाईंनी काटकसर म्हणून पाचवीचा आणि तिच्या शेजारणीचा प्रकाश दुर्बिणीवरच्या वर्णपटमापकाच्या एकाच फटीतून घेतला. शेजारीण जास्त तेजस्वी. प्रकाशावरून दीर्घिकेचा वेग कळतो आणि वेगावरून अंतर; इथं शेजारणीचाच वेग पाचवीच्या नावावर चढला. नाझेलीने फट फिरवून नुसत्या पाचवीवर धरली, तेव्हा कळलं की ती त्या समूहातली नव्हतीच. ती कितीतरी अलीकडे, मोकळ्या जागेत एकटी होती. आपल्याला ती त्या चौघींच्या रेषेत दिसत होती, एवढंच.

लेख पाठवायचा होता. बाईंना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

शुभेच्छा द्यायला उचललेला पेला हातात असताना खोटं बोलू नये, ही आमच्याकडची रीत. एरवी दिवसभर थापा मारणारेही ती पाळतात. दुर्बिणीचा मेकॅनिक सेरोब पेला घेऊन उठला.

"ते अंधारे हिवाळे आठवतात ना? वीज नाही, पावाला रांगा, जो तो देश सोडून चाललेला. मीही बोचकं बांधलं होतं. तेव्हा या अरुस्याक-जाननं मला तिच्या त्या पाच दीर्घिकांच्या फोटोपुढं उभं केलं. म्हणाली, बघ रे, चहूकडून ओढतायत, तरी बया हात सोडत नाही. आणि मी गाढव, घरी जाऊन बोचकं सोडलं. बायको अजून शिव्या घालते."

सगळे हसले. नाझेलीला हसू आलं नाही. तिचा नवरा निघून गेला होता आणि ती त्याच फोटोपायी मागे राहिली होती.

"आता नाझेली बोलेल," सेरोब म्हणाला.

नाझेलीने पेला उचलला आणि तो तसाच खाली ठेवला. बाईंच्या कानाशी वाकून तिने सगळं सांगितलं. ती रडायच्या बेतात होती.

"फट फिरवून बघितलीस?" बाईंनी विचारलं.

"हो, बाई."

"मला तेव्हा हे सुचायला हवं होतं. बस तू. मी बोलते."

टेबलाची कड धरून बाई उभ्या राहिल्या. हातात पेला होता.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "ती पाचवी त्या गर्दीत कधी नव्हतीच. तिला कुणी ओढत नव्हतं. मी तुम्हाला भलतंच सांगितलं."

सेरोबने आपला पेला पुन्हा उचलला.

"ती नव्हती," तो म्हणाला. "आम्ही होतो."

आणि न पिताच त्याने पेला खाली ठेवला.